खानदेशातील न्यायालये आणि दूरदृश्य सुनावणी

महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी दूरदृश्य संवादाद्वारे नोंदवलेली साक्ष ग्राह्य ठरवली, कारण पडद्यावरही साक्षीदाराचे हावभाव टिपता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्याच ६ एप्रिल २०२० च्या निर्देशांनी जळगाव आणि धुळे येथील जिल्हा न्यायालयांनाही मुंबई उच्च न्यायालय ठरवील त्या पद्धतीने हा मार्ग लागू झाला. इंटरनेटची क्षमता मात्र क्षणोक्षणी बदलते; म्हणून पाहणाऱ्याकडील यंत्रणा हरवलेल्या पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या तुकड्यांची, खबर उलट पाठवते आणि प्रेषक यंत्रणा बिटदर, म्हणजे दर सेकंदाला धाडायच्या माहितीचे प्रमाण, उतरवते. त्यात सहसा आधी चित्र धूसर होते आणि आवाज राखला जातो. युक्तिवादाला ते पुरते, हावभाव पारखायला पुरत नाही. उभय पक्षांच्या संमतीविना या मार्गाने साक्ष नोंदवू नये, असे त्याच निर्देशांत बजावले होते.