चौकट आणि अमूर्त

१८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रे सामान्यांच्या भिंतीवर आली. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय विरते, असे वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ मध्ये मांडले. येथे मात्र छापील प्रतीलाच गंधफूल वाहिले गेले, चौकट देव्हारा झाली. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी स्वतःच्या चित्रांसाठी 'अमूर्त'पेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' ही संज्ञा पसंत केली. त्यांचे पारदर्शक रंगथर छपाईत सपाट होतात. सय्यद हैदर रझा यांचा 'बिंदू' मात्र ठळक भूमिती व परिचित प्रतीकार्थ यांमुळे प्रतीतही टिकतो. दिवाणखान्यासाठी चौकटबंद अमूर्त विकत घेणारा रसिक त्यामुळे पुष्कळदा नकळत मूर्तीच घरी आणतो. छापखान्याने घडविलेली ही दृष्टी लक्षात घेतल्यावाचून अमूर्ताच्या आस्वादाचा इतिहास लिहिता येणार नाही.