दप्तरातले लिंकन घराणे

अब्राहम लिंकन यांचा जन्म ओंडक्यांच्या झोपडीत झाला, हे आपण मुलांना इतक्या वेळा सांगतो की त्या झोपडीपूर्वीही या घराण्याला काही इतिहास असेल, हे ध्यानातच येत नाही. खुद्द लिंकन यांनाही तो फारसा ठाऊक नव्हता. १८४८ साली ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद असताना मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन या गृहस्थांनी पत्राने त्यांच्याकडे घराण्याची चौकशी केली. लिंकन यांनी कळवले ते एवढेच : आजोबा १७८२ च्या सुमारास व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत गेले आणि दोन वर्षांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेले. त्याआधी घराणे पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीत होते म्हणतात.

आज हीच वंशावळ लिंकन यांना धरून सात पिढ्या मागे, १६३७ साली इंग्लंडमधून हिंगहॅमला आलेल्या सॅम्युएल लिंकन या विणकराच्या उमेदवारापर्यंत पोचते. ती कोणा भाटाने सांगितलेली नाही. जनगणना, जमीन आणि वारसा या तीन प्रकारच्या सरकारी कागदांवरून ती जुळवली गेली. यातला एकही कागद वंशावळ कळावी म्हणून लिहिलेला नव्हता, आणि हीच गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. आपल्या तालुक्यासारखा, कधी त्याहून मोठा असा तो मुलूख. त्याचे स्वतःचे न्यायालय असे आणि खरेदीखते, लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रे ही सारी न्यायालयाच्या कारकुनाकडे जात. गोऱ्यांची वस्ती जसजशी पश्चिमेला सरकली तसतशी या सरहद्दीवरच्या काउंट्यांची शकले होत गेली. १७८० साली केंटकी काउंटीचे तीन भाग झाले. त्यांतल्या जेफर्सनमधून पुढे नेल्सन निघाली आणि नेल्सनमधून वॉशिंग्टन व हार्डिन. घर जागचे हलत नाही, पण त्याचे कागद तीन गावी सापडतात. लिंकन यांचे जन्मस्थळ १८०९ साली हार्डिन काउंटीत होते. १८४३ पासून ते लारू काउंटीत आहे.

कोणालाही प्रथम आठवते ती जनगणना. अमेरिकेत ती १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. पण केंटकीची १७९० आणि १८०० ची मूळ पत्रके आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे त्या काळासाठी कर भरणाऱ्यांच्या याद्यांवर भागवावे लागते. शिवाय १८४० पर्यंत पत्रकात नाव लिहीत ते फक्त कुटुंबप्रमुखाचे. बाकीची माणसे वयोगटाच्या रकान्यात आकड्याने येत. १८१० च्या गणनेच्या वेळी लिंकन वर्षा-दीड वर्षाचे होते. तेव्हा त्यांचा शोध घ्यायचा तो वडिलांच्या नावापुढे, दहा वर्षांखालील मुलग्यांच्या रकान्यात.

घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहायला सुरुवात झाली १८५० साली. तिथेही जपून असावे. लिंकन यांच्या पत्नी मेरी यांचे वय १८५० च्या पत्रकात २८ आहे आणि १८६० च्या पत्रकात ३५. दहा वर्षांत बाई सातच वर्षांनी मोठ्या झाल्या! प्रत्यक्षात त्यांचा जन्म १८१८ चा. गणना करणारा दारात उभा राही, घरातले कोणी सांगेल ते लिही आणि पुढच्या दारी जाई. वयाचा दाखला मागण्याची सोय नव्हती आणि गरजही नव्हती.

जमिनीचे कागद याहून पक्के, कारण त्यात पैसा गुंतलेला असतो. लिंकन यांच्या आजोबांचे नावही अब्राहमच. ४ मार्च १७८० रोजी त्यांनी व्हर्जिनियाच्या खजिन्यात १६० पौंड कागदी चलन भरून केंटकीतील ४०० एकरांचा हक्कलेख घेतला. त्यावर नाव आहे 'लिंकहॉर्न'. कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. जुन्या दप्तरांत 'लिंकन' एवढेच शोधणाऱ्याच्या हातून हा कागद निसटलाच असता.

नुसता हक्कलेख म्हणजे जमीन नव्हे. तो घेऊन जागा निवडायची, दावा नोंदवायचा, मोजणी करून घ्यायची आणि मग सनद मिळायची. लिंकहॉर्नच्या जमिनीची मोजणी ७ मे १७८५ रोजी लाँग रन नावाच्या ओढ्याकाठी झाली. मोजणीच्या कागदावर साखळी धरणाऱ्यांची नावे आहेत, तेही लिंकनच. आणि खुणा करणारा म्हणून नाव आहे अब्राहम लिंकहॉर्न याचे स्वतःचे. म्हणजे १७८५ च्या मे महिन्यात आजोबा हयात होते! नातवाने पत्रात दिलेल्या हिशेबाने ते १७८४ सालीच वारले असायला हवेत. इतर पुराव्यांवरून त्यांच्या मृत्यूचे साल १७८६ ठरते. घरातली आठवण घटना बरोबर सांगते आणि साल चुकवते, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

मोजणीच्या साखळीबद्दल थोडे विषयांतर. गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाची ही साखळी ६६ फुटांची असते. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. तिच्या निम्मे, म्हणजे ३३ फूट, बाजू असलेला चौरस म्हणजे आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो यामुळेच. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.

साखळी चांगली होती, पण सीमा कशी सांगत? अमक्या पांढऱ्या ओकपासून इतके दांडे पूर्वेला, तिथून ओढ्यापर्यंत, अशी. लिंकन यांच्या जन्माच्या शेताच्या मोजणीत झऱ्याजवळचा एक ओक सीमेची खूण म्हणून धरलेला होता. ते झाड १९७६ सालापर्यंत उभे होते. पण सगळी झाडे इतकी टिकत नाहीत. एकाच रानावर दोघा-तिघांचे दावे कौलांसारखे एकावर एक चढत. लिंकन यांचे वडील थॉमस यांनी १८०३ साली मिल क्रीक येथे २३८ एकर जमीन रोख ११८ पौंडांना घेतली. १८१४ साली विकताना ती २०० एकरच भरली. जन्माचे शेत मालकी हक्काच्या दाव्यात गेले. त्यानंतरच्या शेतावरही हुसकावण्याचा दावा आला. शेवटी १८१६ साली कुटुंब इंडियानात गेले. पुढे लिंकन यांनी लिहिले की याला काही अंशी गुलामगिरी कारण होती, पण मुख्य कारण केंटकीतील जमीनहक्कांचा घोळ. काउंटीची कागदपत्रे या म्हणण्याला दुजोरा देतात.

इंडियानात सरकारने आधीच मुलूख चौरसांत आखला होता. सहा मैल बाजूचा चौरस, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्यातला सोळावा भाग शाळेच्या खर्चासाठी राखीव. थॉमसने १५ ऑक्टोबर १८१७ रोजी बत्तिसाव्या भागाचा नैर्ऋत्य चतकोर नोंदवला. त्याला झाडाची खूण लागली नाही. पूर्ण १६० एकरांचे पैसे मात्र त्याला भरता आले नाहीत. १८२७ साली त्याने निम्मी जमीन सरकारला परत केली आणि उरलेल्या ८० एकरांची सनद मिळवली. ज्या मूळ लोकांच्या शिकारीच्या रानांवर हे सारे चौरस पडले, त्यांची बाजू या दप्तरांत नाही. तिथे ते हल्लेखोर म्हणून तेवढे येतात.

आता वारशाकडे वळू. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. १७८८ च्या ऑक्टोबरात नेल्सन काउंटीच्या न्यायालयात त्यांच्या चीजवस्तूंची किंमत करून यादी दाखल झाली. दोन घोडे, गाई-वासरे, नांगर, तीन खुरपी, सूत काढण्याचे चाक, डझनभर ताटे, तीन बंदुका, पिसांची अंथरुणे. आणि करवत, तीन मापांचे गिरमिट, रंधण्याचा सुरा. धाकटा थॉमस पुढे सुतार झाला, हे आठवले की ही यादी जास्तच बोलकी वाटते.

जमीन या यादीत नाही. ती कोणाकडे गेली, हे सांगायला कायदाच लागतो. जुन्या इंग्रजी वहिवाटीप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. व्हर्जिनियाने ही वहिवाट १७८५ साली कायदा करून मोडली, पण तो अंमलात आला १ जानेवारी १७८७ पासून. आजोबा वारले १७८६ च्या मे महिन्यात. अवघ्या सात-आठ महिन्यांच्या फरकाने थोरला मॉर्डेकाय धनी झाला आणि थॉमस मजुरी करीत फिरला. लिंकन यांच्या झोपडीचे मूळ शोधायचे तर ते या दोन तारखांमध्ये आहे, असे आमचे मत आहे.

मागच्या पिढ्यांचा सांधाही वारसा आणि जमीन या दोन कागदांनीच जुळला. बर्क्समधील एका मॉर्डेकाय लिंकनने १७३६ साली मृत्युपत्रात जॉन या मुलाला न्यू जर्सीतील ३०० एकर ठेवले. १७४८ सालच्या खरेदीखतात तीच ३०० एकर जमीन विकणारा जॉन लिंकन स्वतःला मॉर्डेकायचा मुलगा म्हणवतो आणि पेनसिल्व्हेनियातील आपले गावही सांगतो. नुसते नाव जुळणे हा पुरावा नव्हे. नाव, बाप, जमीन आणि एकर ही चारही जुळली म्हणून माणूस एकच. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला आणि १७७३ साली त्याने अब्राहम व आयझॅक या मुलांना जमीन करून दिली. तो अब्राहम म्हणजे आपले आजोबा.

लिंकन अध्यक्ष झाल्यावर त्यांच्या जन्माविषयी विरोधकांनी कुजबुज सुरू केली, ती त्यांच्या मृत्यूनंतरही थांबली नाही. आई-वडिलांचे लग्न १८०६ साली झाले, असे लिंकन सांगत. पण नोंद कुठे होती? नवे जोडपे हार्डिन काउंटीत राहिले म्हणून लोकांनी तिथले दप्तर चाळले. थॉमसचे १८१९ चे दुसरे लग्न तिथे सापडले, पहिले नाही. निष्कर्ष काढणाऱ्यांनी लगेच काढला. वास्तविक लग्नाचा जामीनकतबा वधूच्या काउंटीत करण्याची रीत होती. १८७८ साली वॉशिंग्टन काउंटीच्या कारकुनाला जुन्या कागदांत ती नोंद मिळाली : १० जून १८०६ चा ५० पौंडांचा कतबा, त्यावर थॉमस लिंकन व वधूचा पालक म्हणून रिचर्ड बेरी यांच्या सह्या, आणि जेसी हेड या पाद्र्याने दिलेल्या लग्नांच्या यादीत १२ जूनला थॉमस आणि नॅन्सी हँक्स. लिंकन यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती.

नॅन्सी हँक्सच्या माहेराचा प्रश्न याहून अवघड. नेल्सन काउंटीत जोसेफ हँक्स याचे १७९३ चे मृत्युपत्र आहे. त्यात नॅन्सी या मुलीला पायडी नावाची कालवड दिली आहे. १८९९ साली एका लेखिकेने हीच लिंकन यांची आई असे जाहीर केले आणि पुष्कळांना ते पटले, कारण गरिबीचा पण कुलीन वंश मिळत होता. पुढे विल्यम बार्टन यांनी दाखवले की ही नॅन्सी वेगळी. तिचे लग्न दुसऱ्या घरात झाले. लिंकन यांची आई जोसेफची नात असून ल्यूसी हँक्स हिची लग्नाआधीची मुलगी, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांना हे रुचले नाही ते ल्यूसीला हँक्सांची विधवा सून ठरवीत.

२०१५ साली या वादात जनुकशास्त्र आले. पेशीतील मायटोकाँड्रियांचा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून आई-मुलगी-नात अशी अखंड साखळी त्यावरून तपासता येते. नॅन्सीची एकुलती एक मुलगी सारा १८२८ साली बाळंतपणात गेली, मूलही गेले. तेव्हा तिच्या स्वतःच्या स्त्रीवंशात आज कोणी नाही. म्हणून तपासले गेले ते ल्यूसीच्या पुढच्या मुलींचे आणि जोसेफच्या पत्नीच्या इतर मुलींचे वंशज. दोन्हींकडे एक्स-१-सी हा दुर्मीळ गट निघाला. ल्यूसी हँक्सांची सून नव्हे, मुलगी. ल्यूसी ही नॅन्सीची आई, हा शेवटचा दुवा मात्र आजही माणसांच्या सांगण्यावर आणि कागदांच्या मेळावरच उभा आहे.

खरे तर ल्यूसीची एक चिठ्ठी केंटकीच्या मर्सर काउंटीत पडूनच होती. तारीख २६ एप्रिल १७९०. हेन्री स्पॅरोशी लग्नाचा परवाना मिळावा म्हणून ती लिहिते की मी सज्ञान आहे आणि माझी संमती आहे. शुद्धलेखन यथातथाच. पण आपण सज्ञान आहोत, हे कारकुनाला लिहून देण्याची गरज अविवाहित मुलीला पडते, विधवेला नव्हे.