ठोका, उष्णता आणि नव्वद टक्के

मंडळी, लोखंडी तार पुढे-मागे वाकवून तोडताना बोटांना चटका बसतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. वाकवायला लावलेली ऊर्जा बहुतेक सगळी उष्णता होते. आज आपण या ‘बहुतेक’ शब्दाचा इतिहास पाहू.

१८७८ साली फ्रेंच अभियंता आंरी त्रेस्का यांनी एक निरीक्षण मांडलं. प्लॅटिनम-इरिडियमच्या कांबेची लाली विझत आली असताना तिच्यावर घण पडला, की फुलीच्या आकाराच्या रेघा पुन्हा उजळत. म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी नव्हती. जिथे धातू सरकला तिथेच ती होती.

पण किती? फॅरन आणि टेलर यांनी १९२५ साली पोलाद, तांबं, अ‍ॅल्युमिनियम ताणून ते मोजलं. १९३४ साली टेलर आणि क्विनी यांनी ते काम पुढे नेलं. उत्तर आलं, साधारण नव्वद टक्के. उरलेली ऊर्जा स्फटिकांच्या विस्कटलेल्या रचनेत साठून राहते. पुढे ‘०.९’ हा आकडा गणितांत इतका रुळला, की तो मोजून आलाय हेच आपण विसरलो.

मॅग्नेशियम आपल्याला त्याची आठवण करून देतं. कोल्स्की यांनी १९४९ साली दोन लांब दांड्यांमध्ये नमुना ठेवून तो धक्क्याने दाबायची पद्धत आणली. सारा खेळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. उष्णतेला बाहेर पडायला वेळच नाही. ३०० मेगापास्कल ताणाखाली २० टक्के दाबलं आणि ०.९ धरलं, तर मॅग्नेशियम सुमारे ३० अंशांनी तापतं.

पण ०.९ धरायचं का? मॅग्नेशियमचे स्फटिक षट्कोनी, त्यांचे थर मोजक्याच दिशांनी सहज घसरतात. साच्यातून दाबून काढलेली कांब लांबीच्या दिशेने दाबली, तर आधी स्फटिकांचे भाग सुमारे ८६ अंशांत वळतात. याला ट्विनिंग म्हणतात. तोवर ताण कमी, म्हणून उष्णताही कमी. मग धातू एकदम ताठरतो. घसरणं आणि वळणं या दोन्हींत ऊर्जेची वाटणी सारखीच असेल, असं गृहीत धरता येत नाही.

मॅग्नेशियम लोखंडाच्या पाव वजनाचंही नाही, म्हणून गाड्यांना ते हवंय. तापलेला पट्टा मऊ होतो, मऊ भाग आणखी सरकतो, आणि तिथेच तडा जाऊ शकतो. धडकेच्या गणितात हा आकडा चुकला, तर तडा कुठे जाईल हेही चुकेल. तेव्हा मंडळी, टेलरांचा आकडा उसना घेण्याआधी त्यांची मोजायची सवय घेऊया.