घरचा सर्व्हर आणि हरवलेला पत्ता #थ्रेड

१/ जळगावातील एका घरच्या संगणकावर खेळाचा सर्व्हर सुरू आहे. धुळ्यातला मित्र त्यात शिरू पाहतो, पण दार उघडत नाही. अडचण अंतराची नाही, पत्त्याची आहे. आणि तिचे मूळ १९८१ सालात आहे.

२/ त्या वर्षी निश्चित झालेल्या आयपीव्ही४ नियमांनी पत्ता ३२ बिटांचा ठरवला. त्यामुळे जगभर मिळून सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य झाले. मूळ कल्पना मात्र उदार होती : जाळ्यातील प्रत्येक संगणक पाहुणाही होईल आणि यजमानही.

३/ जून १९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेक’ने हे यजमानपद खेळाडूंच्या हाती दिले. एक संगणक सर्व्हर होऊन खेळाची खरी स्थिती राखी. इतर त्याला जोडले जात. ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘माइनक्राफ्ट’ याच वाटेने गेले.

४/ व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी महानगरांत इंटरनेट खुले केले. जळगाव, धुळे त्या यादीत नव्हते. बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले ते २००५ मध्ये, टेलिफोनच्याच तारेवरून. त्या एडीएसएल तंत्रात माहिती येण्याची वाट रुंद, जाण्याची अरुंद. सर्व्हरला नेमकी जाण्याची वाट लागते. शिवाय भारनियमन होतेच.

५/ वेग वाढेपर्यंत पत्ते आटले. आशिया-पॅसिफिकचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये संपला. सेवा कंपन्यांनी मग एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले. हेच सीजीनॅट.

६/ मोठा वाडा, अनेक बिऱ्हाडे, दिंडीदरवाजा एकच. आतून धाडलेल्या पत्राचे उत्तर बरोबर पोहोचते. न बोलावता आलेला पाहुणा कोणाकडे न्यावा, हे देवडीवरच्या माणसाला ठाऊक नसते. घरच्या राउटरवर पोर्ट उघडणे म्हणजे आपल्या खोलीचे दार उघडणे. दिंडी बंदच राहते. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर घर अशाच वाड्यात आहे.

७/ वाटा तीन : शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे, व्हीपीएनने मित्रांचे खासगी जाळे विणणे, किंवा १२८ बिटांचे आयपीव्ही६. शेवटची वाट दोन्ही घरी हवी, खेळाला चालायला हवी आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगीही हवी.

८/ एवढा खटाटोप कशासाठी? ‘गेमस्पाय’ ही मध्यवर्ती सेवा ३१ मे २०१४ रोजी बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या अनेक खेळांतील ऑनलाइन सामने थांबले. घरच्या सर्व्हरवर मित्रांनी वर्षानुवर्षे उभारलेले जग मात्र घरच्याच डिस्कवर असते. ते कधी मिटवायचे, हे कंपनी ठरवत नाही.