घरांतील समुद्र आणि पात्राचा आकार

घरांत समुद्राचे जीव बाळगण्याची हौस ज्याला लागते, त्याच्यापुढें पहिला प्रश्न येतो तो माशांचा नव्हे, पोवळ्यांचाहि नव्हे. तो येतो पात्राचा. पात्र लांबट चौकोनी घ्यावें, घनाकृति घ्यावें, कीं गोल घ्यावें? दुकानांत हे सारे आकार शेजारीं शेजारीं मांडलेले असतात, आणि घेणारा बहुधा दिवाणखान्यांतील मोकळा कोपरा मनांत धरून निवड करतो. ही निवड केवळ शोभेची वाटते. परंतु या छंदाचा इतिहास पाहिला, तर पात्राच्या आकारावर आंतील जिवांचें जगणें वा मरणें अनेकदां अवलंबून राहिलें आहे, असें दिसून येतें. तोच इतिहास आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

पात्राचा आकार प्रथम ठरवितो तो पाहणाऱ्याची जागा. चीन देशांत सोनमासे पाळण्याची कला फार जुनी. तेथें मासे चिनी मातीच्या रुंद कुंडांत ठेवीत. कुंडाच्या भिंतींतून कांहींच दिसत नसे; पाहणारा वरून वांकून पाही. त्यामुळें वरून पाहतां जे सुंदर दिसतील, असेच मासे निवडून त्यांची पैदास होत गेली. पंख्यासारखी पसरलेली दुहेरी शेपटी ही या वरून पाहण्याचीच देणगी. पुढें युरोपांत काचेची भिंत आली, पाहणाऱ्याची नजर पाण्याच्या पातळीला उतरली, आणि पाण्याच्या पोटांतील व्यवहार त्याला आडव्या दृष्टीनें दिसूं लागला.

या प्रकाराचा आरंभ एका स्त्रीच्या हातून झाला. सिसिली बेटांतील मेसिना येथें राहणाऱ्या जान विल्प्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनीं १८३२ सालीं समुद्रजीवांच्या अभ्यासासाठीं काचेचीं पात्रें करविलीं. आर्गोनॉट नांवाचा आठ पायांचा प्राणी आपला शिंपला स्वतः घडवितो, कीं दुसऱ्या कोणाचा बळकावतो, हा वाद त्या काळीं चालूं होता. तो प्राणी आपला शिंपला स्वतःच घडवितो, हें या बाईंनीं जिवंत प्राणी डोळ्यांपुढें ठेवून सिद्ध केलें.

पोवळीं घरांत जगविण्याचा मानहि एका गृहिणीकडेच जातो. ॲना थिन या बाईंनीं १८४६ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून कांहीं जिवंत पोवळीं लंडनला आणलीं. प्रवासांत तीं आपटूं नयेत म्हणून सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजाला शिवून टाकिलीं होतीं. लंडनमध्यें समुद्राचें ताजें पाणी रोज कोठून मिळणार? म्हणून तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पुनः पुनः ओतून त्यांत हवा मिसळण्याचें काम घरांतील दासीला करावें लागे. पुढें बाईंनीं पात्रांत समुद्रशेवाळ घातलें, आणि दासीच्या श्रमांना वनस्पतीची जोड मिळाली. पोवळीं जगलीं, एवढेंच नव्हे तर त्यांची वाढहि झाली. ही हकीकत १८५९ सालीं छापून प्रसिद्ध झाली.

पण हा छंद घरोघर जाण्यास आणखी एक कारण घडावें लागलें, आणि तें होतें करासंबंधाचें. ब्रिटनमध्यें काचेवर जड कर असे. तो १८४५ सालीं उठला आणि काचेचे मोठे तक्ते स्वस्त झाले. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई यांचा समतोल एका पात्रांत कसा राखतां येतो, हें प्रसिद्ध केलें. मे १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत काचेच्या टाक्यांचें मत्स्यगृह उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याचें ‘दि ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें, आणि तें नांव सर्वतोमुखीं झालें.

हौशी माणसें मग मिळेल तें पात्र घेऊन बसलीं. सर्वांत स्वस्त पात्र म्हणजे माळ्याची घंटेच्या आकाराची काच. कोंवळ्या रोपांवर झांकण म्हणून ठेवावयाची ही काच उलटी करून लांकडी बैठकीवर बसविली, कीं झालें घरांतील सरोवर! दिसावयास तें मोठें मोहक असे. परंतु गोल काचेंतून मासा कधीं फुगलेला, कधीं वांकडा दिसे. प्रकाश चोहोंकडून शिरून पाणी तापे आणि हिरवें होई. शिवाय तोंड आंत वळलेल्या गोल भांड्यांत कांठापर्यंत पाणी भरलें, तर हवेला भिडणारा पृष्ठभाग आकसतो. पाण्यांत प्राणवायु शिरतो तो या पृष्ठभागांतून; तो लहान, तर आंतील जिवांचा श्वासहि तोकडा.

वॉरिंग्टननें या अडचणीवर जो उपाय काढला, तो पुनः आकाराचाच होता. त्यानें पाठीकडची बाजू उतरती असलेली टाकी योजली. पुढें काच, आणि मागें खडकाळ किनाऱ्यासारखा उतार. खेकड्यानें उथळ पाण्यांत यावें, समुद्रफुलानें हवी ती खोली धरावी, आणि प्रकाश वरून पडावा. हळूहळू तीन बाजू पाटीच्या दगडाच्या व समोरची एकच काचेची, अशा टाक्याहि होऊं लागल्या. भिंतींत बसविलेल्या काचेंतून समुद्र पाहण्याची जी रीत मुंबईकरांना १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळें परिचित झाली, तिचें मूळ या काळांत आहे. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यानें याहून पुढची गोष्ट ओळखली. १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथें त्यानें मत्स्यालय उभारलें, तेव्हां दिसणाऱ्या टाक्यांखालीं अंधाऱ्या तळघरांत त्याहून कितीतरी मोठा साठा ठेवून पाणी अखंड फिरतें ठेविलें. आजच्या घरगुती प्रवाळपात्राखालीं कपाटांत जी दुसरी टाकी लपलेली असते, ती या तळघराचीच वंशज होय.

या हौसेची किंमत मात्र समुद्रानें मोजली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतलीं डबकीं संग्राहकांनीं ओरबाडून नेलीं. गॉस याचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालच्या आपल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथेंत या नासाडीचें दुःख बोलून दाखविलें आहे. वडिलांच्याच पुस्तकांनीं ती लाट उठविली होती, हें त्या दुःखांतलें मर्म.

आतां ॲना थिन यांचीं पोवळीं थंड पाण्यांतलीं, एकेकटीं राहणारीं होतीं. उष्ण समुद्रांतील भित्ति बांधणाऱ्या प्रवाळाची गोष्ट निराळी. त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल वास करतें आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसतें. त्यामुळें त्याला पुष्कळ प्रकाश आणि हलतें पाणी, दोन्ही लागतात. जकार्ताचे ली चिन एंग यांनीं जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन यांच्या बळावर असें पात्र राखलें, व १९६१ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. सुमारें त्याच काळांत सिलिकोनचा चिकट सांधा हातीं आला. जुन्या टाक्यांच्या लोखंडी चौकटी खारट पाण्यानें गंजत आणि सांध्यांतील शेंदूर घातलेलें लुकण पाण्याला विषारी करी. तीं दोन्ही संकटें टळलीं. १९८० नंतर घरगुती प्रवाळपात्रांचा प्रसार झपाट्यानें झाला.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळूं. एक पेटी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४० उंच, आणि दुसरी तिन्ही बाजूंनीं ६० सेंटिमीटर, अशा दोन घ्या. दोहोंत पाणी सारखेंच, २१६ लिटर. पण लांबट पेटीचा पृष्ठभाग ५,४०० चौरस सेंटिमीटर आणि घनाकृतीचा ३,६००. तितकेंच पाणी ६० सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या नळकांड्यांत भरलें, तर तें ७६ सेंटिमीटर उंच चढेल आणि पृष्ठभाग उरेल अवघा २,८०० च्या आसपास. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. म्हणून ४० ऐवजीं ६० सेंटिमीटर खोली घेतली, तर तेवढ्याच रुंदीच्या काचेवरचा एकूण रेटा सव्वादोन पट होतो आणि काच जाड घ्यावी लागते. खोलीबरोबर दिवाहि प्रखर लागतो, आणि तळ साफ करावयास हात पुरत नाहीं तो वेगळाच.

यावरून लांबट पेटीच सर्वश्रेष्ठ, असें मात्र नाहीं. आज पंप पाणी ढवळतात, त्यामुळें पृष्ठभागाची जुनी अडचण बरीच कमी झाली आहे. घनाकृति पेटींत खडक मध्यभागीं रचून पाणी त्याच्या चहूंकडून फिरवितां येतें, म्हणून ती पोवळ्यांना मानवते. सतत येरझारा घालणाऱ्या माशांना मात्र लांबी हवी. गोल पात्राचा मोह शक्यतों आवरावा; तेथें पाहणाऱ्याची हौस भागते आणि राहणाऱ्याची सोय जाते. नवशिक्यानें लांबट, उथळ पेटी घ्यावी, असें मला वाटतें. मात्र पाण्याचेंच वजन सव्वादोनशे किलोच्या घरांत जातें, आणि वर खडक व काच. तेव्हां खालची जमीन आधीं तपासावी.

एक गोष्ट याहूनहि महत्त्वाची. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं भित्ति बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रांतहि प्रवाळ आहेत. ते तेथून उचलून आणणें हा गुन्हा आहे. पात्र घेण्यापूर्वीं त्यांत राहणारा जीव कोठून येणार, हें विचारावें. त्याचें समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं, तर पेटी रिकामी राहिली तरी चालेल. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जें एकदां घडलें, तें आपल्या कोंकणांत पुनः घडावयास नको.