मुंबई उपनगरातील मोटार आणि वेगवान गिअर-बदल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
यंत्राचा इतिहास लिहिताना कारखाना व भांडवल यांची नोंद होते. परंतु ते यंत्र चालविणाऱ्या हाताच्या कौशल्याची नोंद क्वचितच घेतली जाते. ड्रॅग शर्यतीतील वेगवान गिअर-बदल हे असेच एक कौशल्य होय. प्रस्तुत लेखात मुंबई उपनगराच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

तंत्राचे स्वरूप :
ड्रॅग शर्यत म्हणजे स्थिर अवस्थेतून सुरू होणारी, बहुधा पाव मैलाची (सुमारे 402 मीटर) सरळ धाव. एरवी गिअर बदलताना चालक अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. तेवढा काळ चाकांना शक्ती मिळत नाही. वेगवान पद्धतीत अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच राहतो, दांड्यावर आधीच किंचित ताण दिलेला असतो आणि क्लच क्षणभर दाबताच दांडा पुढील गिअरमध्ये जातो. यात वेळ वाचतो. मात्र क्लच व सिंक्रोमेशची कडी लवकर झिजतात आणि चुकून खालचा गिअर पडल्यास इंजिन निकामी होऊ शकते.

कुर्ल्याची मोटार :
वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून फियाट 1100 व पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, तर गिअरचा दांडा दीर्घकाळ स्टिअरिंगच्या खांबालाच होता. दांडा व गिअरपेटी यांना सळ्या-सांध्यांची लांब जोडणी असल्याने सांधे झिजले की दांडा ढिला पडे. अशा दांड्यापुढे घाईचा हात व्यर्थ ठरे. काळी-पिवळी टॅक्सी चालविणाऱ्याचे कौशल्य त्यामुळे वेगाचे नव्हे, तर अंदाजाचे व संयमाचे होते.

जागा आणि कायदा :
मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत हा गुन्हा आहे. दाट वस्तीच्या उपनगरात यासाठी निर्धोक पट्टी उरली नाही. 2010 नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या. म्हणजेच या हौसेला घाट चढावा लागला.

निष्कर्ष :
हाताचे कौशल्य केवळ व्यक्तीच्या गुणावर अवलंबून नसते. यंत्राची रचना, उपलब्ध जागा व कायदा हे तिन्ही घटक त्याला घडवितात. ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. गाडी संग्रहालयात जतन करता येते; परंतु तिचा दांडा ओळखणारा हात तेथे ठेवता येत नाही. म्हणून जुने चालक व कारागीर यांच्या मौखिक इतिहासाचे संकलन वेळीच होणे अगत्याचे आहे.