उत्प्रेरकी परिवर्तक व ऑक्सिजन संवेदक : घरगुती बदल

उत्प्रेरकी परिवर्तक म्हणजे पेट्रोल मोटारीच्या धुरातील विषारी वायूंचे, स्वतः खर्ची न पडता, निरुपद्रवी वायूंत रूपांतर घडवून आणणारे उपकरण. व्यवहारात त्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या आधी व नंतर धूरनळीत बसविलेले ऑक्सिजन संवेदक, म्हणजे मेस्त्रींच्या तोंडचे लॅम्बडा सेन्सर, त्याच्या कार्यावर नजर ठेवतात. हे भाग बिघडले, की ते घरीच बदलण्याचा विचार येतो. उदाहरणार्थ, पन्हाळा तालुक्यातील वारणानगर ही वसाहत तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली. कारखाना, दूध संघ व १९८३ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे हत्यारांची ओळख असलेला वर्ग तेथे मोठा आहे, आणि अधिकृत सेवाकेंद्रासाठी कोल्हापूर गाठण्यापेक्षा हे बदलण्याचे काम अंगणातच उरकावे, असे अशा गावी वाटणे स्वाभाविक आहे.

रचना व कार्य : परिवर्तकाच्या पोलादी पेटीत मधाच्या पोळ्यासारखी बारीक आरपार छिद्रांची सिरॅमिकची वीट असते व तिच्या पृष्ठभागावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ थर असतो. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानानंतर या धातूंच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन यांचे ऑक्सिडीकरण होते, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे क्षपण होऊन नायट्रोजन मुक्त होतो. या तिन्ही क्रिया एकाच वेळी साधण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी निकट राखावे लागते. पहिला, झिर्कोनियाचा संवेदक ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होऊन एंजिनाच्या संगणकास हे प्रमाण सुधारावयास लावतो. दुसऱ्याचा संकेत, परिवर्तक सुदृढ असेल तर, जवळजवळ स्थिर राहतो. दुसराही पहिल्याप्रमाणे हेलकावू लागला, की ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो व स्कॅनरवर पी ०४२० हा संकेतांक उमटतो.

इतिहास : या उपकरणाचा आद्य प्रवर्तक फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री होय. अमेरिकेत १९७५ पासून बहुतेक नव्या मोटारींत परिवर्तक बसू लागले, व १९७६ साली बॉशचा लॅम्बडा संवेदक व्होल्वो मोटारीत प्रथम आला. भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथील नव्या पेट्रोल मोटारींस परिवर्तक सक्तीचा झाला. पेट्रोलातील शिसे उत्प्रेरक धातूंवर बसून त्यांना निकामी करीत असल्याने शिसेविरहित पेट्रोलची तजवीज त्याबरोबरच करावी लागली. फेब्रुवारी २००० पासून ते देशभर मिळू लागले. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ ची धूर-उत्सर्जनाची मानके लागू झाली.

निदान : परिवर्तक क्वचितच आपणहून मरतो, बहुधा तो मारला जातो. एंजिन मिसिंग करीत असेल, तर न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जळून वीट वितळते. एंजिन ऑइल खात असेल, तर तेलातील फॉस्फरस धातूंवर बसतो. बॅटरी उतरलेली गाडी वारंवार धक्का मारून चालू केल्यास कच्चे पेट्रोल तिकडेच जाते. आणि पाणंदीच्या खडकाळ वाटेवर पेटीस मार बसल्यास वीट फुटून आत खडखडते. म्हणून मूळ दोष काढल्याशिवाय नवा परिवर्तक बसविणे म्हणजे महागडी वस्तू पुन्हा त्याच मरणाच्या हवाली करणे होय. निदान करताना इंधनातील बदलही ध्यानात घ्यावा. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यात आले. ऊसकरी मुलुखातील मळी व उसाचा रस हे त्याचे महत्त्वाचे उगमस्थान आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन अंगभूत असल्याने आवश्यक वजनी प्रमाण सुमारे १३.५ : १ वर येते, आणि हा फरक संगणक पहिल्या संवेदकाच्या सांगण्यावरूनच भरून काढतो, तस्मात् तो संवेदक सुस्तावला असेल, तर दुरुस्तीचा आरंभ तेथूनच करणे उचित.

पद्धती : एंजिन पूर्ण निवाल्यावर गाडी सपाट, पक्क्या जागी उभी करून चाकांना उटी लावाव्यात, बॅटरीची ऋण तार सोडावी व गाडी आधाराच्या घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी; केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंजमोड तेल सोडावे. संवेदकाची तार तिच्या जोडणीच्या प्लगपाशी सोडवून, बाजूने फट असलेला २२ मिलिमीटरचा पाना त्यावर बसवावा व आट्यांस इजा न होऊ देता संवेदक सावकाश फिरवावा. झटका दिल्यास नळीचे आटे मरतात, आणि मग काम अंगणातून वेल्डरकडे जाते. नव्या संवेदकाच्या आट्यांवर निर्मात्याने आटे जाम न होऊ देणारा लेप दिलेला नसेल, तरच त्या लेपाचे बोट फिरवावे; टोकाच्या जाळीस ग्रीस, सिलिकॉन वा हाताचा तेलकटपणा लागू देऊ नये. घट्टपणा सामान्यतः ४० ते ५० न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा वाहनपुस्तिकेतून घ्यावा. परिवर्तकावरील बाण धुराच्या दिशेस ठेवून गास्केट नवेच वापरावे, कारण जोडातून बाहेरची हवा शिरली तर निर्दोष संवेदकही खोटी साक्ष देतो. जेथे परिवर्तक एक्झॉस्ट मॅनिफोल्डशी अखंड जोडलेला वा वेल्ड केलेला असेल, तेथे हे काम कार्यशाळेकडेच सोपवावे.

कायदा व जबाबदारी : परिवर्तक काढून त्या जागी रिकामी नळी जोडणे हा कसूर आहे; मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) अन्वये प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालविल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जुनी पेटी फोडू नये, तिची धूळ श्वासावाटे घातक ठरते. मौल्यवान धातू परत मिळविणाऱ्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे ती अखंड सुपूर्द करावी. काम पुरे झाल्यावर संकेतांक पुसून गाडी काही दिवस चालवावी व नंतर धूरतपासणी करून घ्यावी. भारत टप्पा ४ च्या पेट्रोल मोटारीस निष्क्रिय वेगात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के व हायड्रोकार्बनची २०० दशलक्षांश आहे. दिवा विझला म्हणजे दुरुस्ती साधली असे नव्हे. धूर मर्यादेत आला तरच ती साधली, कारण तो धूर प्रथम आपल्याच आळीतील लेकरांच्या श्वासात जातो.